क्रमांकाइतकीच महत्त्वाची जात पडताळणी

‘गुणवत्ता यादीतील क्रमांक आणि प्रवर्ग ठरला की शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील जागा जवळपास ठरतेच,’ हे अभियांत्रिकी प्रवेशांवरील आपल्या लेखातील विधान महाराष्ट्रापुरते अपुरे आहे. येथे 2000 च्या कायद्यानुसार जातीचा दाखला असणे पुरेसे नसते, तर तो दाखला खरा असल्याचे जात पडताळणी समितीकडून मिळालेले जात वैधता प्रमाणपत्रही लागते, आणि इतर मागासवर्ग किंवा भटक्या जमातींतील विद्यार्थ्याला त्यासोबत नॉन-क्रिमीलेअर दाखला (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) द्यावा लागतो. माझ्या मुलीने सीईटी या प्रवेश परीक्षेत चांगले पर्सेंटाइल मिळवले होते. परंतु जातीचा पुरावा म्हणून पणजोबांच्या शाळेतील नोंद सापडण्यात वेळ गेला, प्रमाणपत्र मुदतीत आले नाही आणि तिचा अर्ज खुल्या प्रवर्गात गेला. तिला हवी असलेली शाखा राखीव जागेवर सहज मिळाली असती, ती हुकली.

राखीव प्रवर्गातील विद्यार्थी खुल्या जागेवर आला तर इतरांवर अन्याय होतो, असे लेखात सूचित केले आहे, तेही पटत नाही. खुली जागा कोणत्याही एका समाजाची नसून गुणवत्तेवर सर्वांसाठी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये, नोकरभरतीच्या प्रकरणात का होईना, स्पष्ट केले आहे. दहावीच्या निकालानंतर लगेच पडताळणीचा अर्ज करा, हे शाळांनीच पालकांना सांगायला हवे. आम्हाला ते कोणी सांगितले नव्हते.