भाषण नको, यादी छोटी करा

इयर एंड जवळ आला की ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उगवता सूर्य आणि पळणारी माणसं दिसायला लागतात. ‘शेवटचा जोर लावूया!’ मीही टाकलेत असले फोटो, उगाच शहाणपणा नको. टीम लीडर झाले त्या पहिल्या वर्षी तर सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बोलावून चांगलं दहा मिनिटं भाषण ठोकलं होतं. टाळ्याही मिळाल्या. नंतर हिशेब सांभाळणारे आमचे सगळ्यांत जुने सहकारी टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, जोर सगळेच लावतायत हो. या सात रिपोर्टांपैकी कोणता नाही केला तर चालेल, तेवढं सांगाल का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर विचारलं तेव्हा कळलं, सातातले तीन रिपोर्ट कुणी उघडूनही बघत नव्हतं. कधीतरी कुणीतरी मागितले होते, म्हणून दरवर्षी जात होते. ते तीन बंद केले, तर त्याच संध्याकाळी पोरं हसताना दिसली. माझ्या भाषणाने एवढं झालं नव्हतं.

वर्षअखेरीला माणसं दमतात ती अडकलेल्या कामांनी, असं माझं मत आहे. दोन खात्यांत किरकोळ फरक येतो आणि तो शोधण्यात अख्खी दुपार जाते. एका सहीसाठी बिल चार दिवस पडून राहतं. ज्याच्या उत्तरावाचून पान हलत नाही, तो दुसऱ्या विभागातला माणूस नेमका रजेवर. अशा वेळी लीडरने उसनं अवसान आणून बोलण्यापेक्षा ती सही आणून द्यावी.

टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या संशोधकांनी 7 कंपन्यांतल्या 238 जणांच्या रोजच्या डायरीतल्या नोंदी तपासल्या होत्या, जवळजवळ 12,000. चांगल्या गेलेल्या दिवसांत सगळ्यांत जास्त वेळा दिसलेली गोष्ट म्हणजे महत्त्वाचं काम थोडं का होईना पुढे सरकणं. मग त्यांनी 669 मॅनेजरांना विचारलं, माणसांना हुरूप कशाने येतो? पाच पर्यायांत काम पुढे सरकायला मदत करणं शेवटच्या नंबरावर! पहिला नंबर कौतुकाचा. हे वाचून मला माझीच दहा मिनिटं आठवली.

कौतुक नकोच असं नाही. पण ‘ग्रेट जॉब टीम’ हे कौतुक कुणाचंच नसतं. ‘तू ती जुनी थकबाकी शोधून काढलीस म्हणून ऑडिटमध्ये आपण वाचलो’, हे त्या एकाच माणसाचं असतं आणि त्याला ते कळतं.

आणखी एक खटकतं. टार्गेट गाठायला पुढच्या महिन्याची ऑर्डर या महिन्यात ओढायची, त्यासाठी वाटेल ती सूट द्यायची. अर्थतज्ज्ञ पॉल ओयर यांनी 1998 साली दाखवलं की कंपन्यांची विक्री त्यांच्या आर्थिक वर्षाच्या शेवटी वाढते आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला खाली येते. म्हणजे आज टाळ्या आणि पुढच्या महिन्यात ‘तुम्ही ढिले का पडलात?’, दोन्ही त्याच पोरांना. शेवटी ही तारीख माणसांनीच आखलेली. जपानचं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, ऑस्ट्रेलियाचं 30 जूनला, अमेरिकी सरकारचं 30 सप्टेंबरला. (ब्रिटनचं करवर्ष 6 एप्रिलला का सुरू होतं हे शोधायला गेलात तर 1752 सालच्या कॅलेंडर बदलापर्यंत पोहोचाल. वेळ असेल तेव्हा बघा, आत्ता नको.) तारीख पाळायचीच, पण तिच्या दुसऱ्या दिवशी हीच माणसं कामावर यायची आहेत, हे धरून पाळायची.

यंदा मी भाषण दिलं नाही. व्हाइटबोर्डवर दोन रकाने केले: ‘आत्ताच हवं’ आणि ‘पुढच्या वर्षी चालेल’. कुणाकडे काय अडकलंय ते रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्याउभ्या विचारते, आणि त्यातले फोन मी करते. साहेबांनी दुसरा रकाना बघून भुवया उंचावल्या. मी म्हटलं, यातलं काय आत्ताच हवं ते सांगा, त्याच्या बदल्यात पहिल्यातलं एक काढते. त्यांनी बराच वेळ बोर्ड बघितला आणि काहीच हलवलं नाही.

काल आमच्या त्या जुन्या सहकाऱ्यांनी जाता जाता मार्कर उचलला, दुसऱ्या रकान्यात स्वतःहून एक काम लिहिलं आणि साडेसहाला घरी गेले.