‘आईचं लक्ष नव्हतं’ म्हणून विषय संपत नाही

मुलांचे अपघात टाळण्यासाठी देशपातळीवर आराखडा हवा, अशी मागणी पुढे आली की तिच्या पाठोपाठ एक मेसेज फिरू लागतो. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो आला, माहेरच्या ग्रुपवर आला, ऑफिसातही आला. मजकूर थोडक्यात असा: ‘आमच्या वेळी ना ग्रिल होतं ना हेल्मेट, तरी आम्ही वाढलोच. पोरं पडूनच घट्ट होतात. आईने मोबाइल बाजूला ठेवला तर एकही अपघात होणार नाही. बाकी ज्याचं त्याचं नशीब. आराखडे म्हणजे श्रीमंत देशांचे चोचले.’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती आणि त्यांत आमच्या कमिटीतली माणसंही होती, म्हणून हे लिहितेय.

आमच्या वेळी काय होतं, ते मला आठवतं. नौपाड्यात दुमजली चाळीत वाढले मी. जिन्यावरून गडगडलेला मुलगा कपाळाला टाके घालून घरी यायचा. त्याच ठाण्यात आता मुलं विसाव्या, तिसाव्या मजल्यावर रांगायला शिकतात. तिथून पडून कुणी घट्ट होत नाही. गुडघे जरूर फुटू देत, माझ्या मुलीचेही फुटले.

आता आईचा मोबाइल. हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. मुलगी अडीच वर्षांची असताना मी भाजीला फोडणी देत होते. खिडकीला लागून दिवाण होता. आदल्या दिवसापर्यंत तिला त्यावर चढता येत नव्हतं, त्या दिवशी आलं. स्लायडिंग खिडकी अर्धी उघडी, नववा मजला. सासूबाईंनी तिचा फ्रॉक मागून धरला म्हणून ती आज शाळेत जाते. माझ्या हातात मोबाइल नव्हता, झारा होता. त्याआधी दोनदा आम्ही सोसायटीच्या कमिटीकडे ग्रिलसाठी अर्ज केला होता आणि ‘एलिव्हेशन बिघडतं’, म्हणजे इमारतीचं बाहेरून दिसणारं रूप बिघडतं, या ठरावावर बोट ठेवून तो परत आला होता. नंतर आतून जाळी बसवली, स्वखर्चाने.

डोळ्यांत तेल घालून पाहणारी बाईही फोडणी देते, दार उघडायला जाते, धाकट्याला पाजते. मूल मात्र रोज बदलतं. काल न पोचणारा हात आज कडीपर्यंत पोचतो. म्हणून शहाण्या व्यवस्था त्या दोन मिनिटांचा विचार करतात. न्यूयॉर्कमध्ये मुलं खिडक्यांतून पडून मरत होती. तिथल्या आरोग्य खात्याने १९७२ मध्ये मोहीम काढली, नाव ठेवलं ‘मुलांना उडता येत नाही’. पडलेल्या मुलाच्या घरी आरोग्य कर्मचारी जायचे, लहान मुलं असलेल्या घरांना खिडकीची जाळी फुकट मिळायची. ब्राँक्स भागात अशा पडण्याचं प्रमाण दोनेक वर्षांत निम्म्यावर आलं. १९७६ मध्ये नियम झाला: दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल राहत असेल तर जाळी बसवण्याची जबाबदारी घरमालकाची. आया त्याच होत्या, खिडक्या बदलल्या.

औषधांचंही तेच. मुलाला सहज न उघडणारं झाकण, दाबून फिरवायचं, ते १९६७ मध्ये कॅनडात आलं. त्यामागे हेन्री ब्रो नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. गोळ्या गिळलेली मुलं तपासून आणि आईबापांना बजावून ते थकले होते. आपल्याकडे दारावर येणारा विक्रेता फिनेल आणि अ‍ॅसिड पाण्याच्या बाटलीत भरून देतो. तीन वर्षांच्या मुलाने त्यातला फरक ओळखायचा कसा?

नशिबाविषयी एकच सांगते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २००८ च्या अहवालात अपघाती इजांनी वर्षाला सुमारे ८ लाख ३० हजार मुलं दगावतात असं म्हटलं होतं, आणि त्यांतली ९५ टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली. नशीब देशाचं उत्पन्न बघून येत नाही.

आणि श्रीमंतांचे चोचले? बांगलादेश बघा. तिथे लहान मुलं घराजवळच्या तळ्यांत बुडत, बहुतेक सकाळी नऊ ते एक या वेळात, आई स्वयंपाकात आणि बाप शेतात असताना. उपाय असा निघाला की त्याच वेळात पाच वर्षांखालची मुलं गावातल्याच एका बाईच्या देखरेखीखाली बसवायची. त्या पाळणाघराला ‘आंचल’ म्हणतात, आपल्याकडच्या पदरासारखा शब्द. तिथे बसणाऱ्या मुलांत बुडण्याचं प्रमाण एवढं घटलं की २०२२ मध्ये तिथल्या सरकारने अशी ८,००० केंद्रं मंजूर केली.

आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही २०२३ मध्ये बुडण्याविषयी आणि २०२४ मध्ये अनवधानाने होणाऱ्या इजांविषयी राष्ट्रीय धोरण मांडलं आहे. दुचाकीवरच्या चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा हवा, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, हा नियम २०२३ पासून लागू आहे. तरी नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभी असलेली बोडकी पोरं रोज दिसतात. धोरण दिल्लीत आणि खिडकी ठाण्यात, अशी ही अवस्था आहे.

ही दोन टोकं जोडायची तर आधी नोंद हवी. दवाखान्यात आणलेल्या मुलाच्या केस पेपरवर ‘पडल्याने इजा’ एवढंच लिहून भागणार नाही; कितव्या मजल्यावरून, खिडकीखाली काय होतं, जाळी होती का, हेही लिहायला हवं. भोगवटा प्रमाणपत्र देताना महापालिकेने खिडकीची जाळी आणि जमिनीखालच्या टाकीचं कुलूपबंद झाकण तपासायला हवं. आणि आमच्या कमिटीने, पुढच्या सभेत, एलिव्हेशनचा तो ठराव मागे घ्यावा. अर्ज मी आजच दिला आहे, तिसऱ्यांदा.