आपला नम्र, वीस बाय दहा

ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटणहून पुढं बरडला गेली तरी चौकातला फ्लेक्स तसाच. कोणता ते फलटणकरांना सांगायला नको. वीस बाय दहा, त्यावर १९ चेहरे, माउली उजव्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे, आणि खाली 'आपला नम्र'. त्या नम्राचं नाव मात्र हातभर उंच. त्यावरनं परवा दोन गटांत जी जुंपली तीही सगळ्यांनी बघितलीय, काहींनी मोबाइलमध्ये घेतलीय.

टपरीवर शोभाकाकींनी पहिला चहा उकळायला ठेवला आणि नित्यानं काडी टाकली, "सुहासशेठ, 'नम्र' लिहायचे किती घेता?"

"फुटावर असतं. फुटाला १५ धर, २०० फुटांचे झाले ३,०००. नम्र लिहा, विनीत लिहा, स्नेहांकित लिहा, दर एकच." सुहासशेठचा धंदाच फ्लेक्सचा, त्यामुळं त्याला लाज वाटायचं कारण नाही. "गिऱ्हाईक दोनच दुरुस्त्या सांगतं. माझा फोटो मोठा कर आणि शेजारच्याचा लहान कर."

इथं सरांनी घसा खाकरला. सर कट्ट्यावर बसत नाहीत. टपरीतली एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची ओढून कट्ट्यासमोर बसतात, म्हणजे आपोआप वर्ग भरतो.

"अमानित्वमदम्भित्वमहिंसा क्षान्तिरार्जवम्! गीता, अध्याय तेरावा. ज्ञानाची लक्षणं सांगताना भगवंतांनी सर्वांत आधी काय घेतलं? अमानित्व! मान नको असणं! आणि ज्ञानेश्वर महाराजांनी त्यावर जो ओव्यांचा विस्तार केला आहे…"

"सर, पहिलंच का घेतलं पण?" बापूंनी विचारलं.

"त्याला क्रमाचं शास्त्र आहे बापू. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे."

"तसं न्हवं. त्याला पहिल्या स्टॉपलाच चढवाय लागतं. पुढं गाडी भरली की त्याला जागा मिळत न्हाई."

बापू एसटीतनं कंडक्टर म्हणून रिटायर झाले. गळ्यात माळ, तोंडात शब्द मोजके. सरांचं तासाभराचं बोलणं बापू एका स्टेजच्या तिकिटात बसवतात, आणि सरांना नेमकं तेच खुपतं.

नित्यानं मोबाइल पुढं केला. त्याच्याकडं आत्मपरीक्षणाचं ॲप आहे. रोज रात्री घंटी वाजते, पाच चेहऱ्यांतला एक दाबायचा, दोन ओळी लिहायच्या. ४१ दिवस खंड नाही. त्याचा स्क्रीनशॉट सकाळीच स्टेटसला पडलेला.

"४१ दिवसांत वाईट निघाला का एकदा तरी?" बापू.

"नाय ना! सगळे हसरे चेहरे."

"मग हिशोबात घोळ आहे. हे बघ, ड्यूटी संपली की डेपोत वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, मांडायचं आणि पिशवीतली रोकड मोजायची. कमी भरली तर खिशातनं घालायची, विषय मिटला. जास्त भरली तर चौकशी मोठी. का? तर कुणाचे तरी पैसे घेतले आणि तिकीट दिलं न्हाई. तसंच हे. रात्री हिशोबाला बसलास आणि तू रोज चांगलाच निघायला लागलास, तर समजायचं, कुणाचं तरी तिकीट फाडलेलं न्हाई."

नित्यानं मोबाइल उलटा ठेवला. मग बापूंनी, कुणी न विचारता, पद्धत सांगितली. एरवी ते इतकं बोलत नाहीत, म्हणून जशीच्या तशी देतोय.

वेळ दहा मिनिटं, जास्त नको. अंथरुणावर पडून करायचं नाही, पाचव्या मिनिटाला घोरणं सुरू होतं. जेवून हात धुतले की भिंतीला पाठ न लावता बसायचं. आधी एक माळ 'रामकृष्णहरी'ची. माळ मधल्या बोटावर, मणी अंगठ्यानं ओढायचा. तर्जनी लावायची नाही, कारण ते दुसऱ्याकडं दाखवायचं बोट. मेरुमणी आला की ओलांडायचा नाही, माळ फिरवून मागं यायचं. (नित्यानं लगेच हिशोब केला, १०८ मणी, मण्याला दोन सेकंद, साडेतीन मिनिटं. बापू म्हणाले, घड्याळ लावून बसलास तर दीड मिनिटातच होतील.) मग तीन प्रश्न. आज कुणाला तोडून बोललो? कुणाचं काम आपल्या नावावर खपवलं? आणि समोरचा बोलत असताना ऐकायचं सोडून आपण आपलं उत्तर जुळवत होतो का?

सगळे सरांकडं बघायला लागले. सर त्या क्षणी तोंड उघडून तयारच होते. मिटलं.

"तिन्ही उचलायची न्हाईत," बापू पुढं. "तिन्ही घेतली की चौथ्या दिवशी बंद पडतं. एकच घ्यायचं, आणि उद्या दुपारच्या जेवणाआधी फेडायचं. फेडताना काय केलं ते नावानिशी बोलायचं. 'काल चारचौघांत तुला कामचुकार म्हणालो, चुकलं माझं.' बास. 'पण' आला की माफी संपली. 'तुला वाईट वाटलं असेल तर' हे त्याहून वंगाळ, सगळा भार त्याच्याच डोक्यावर. आणि त्यानं लगेच 'असू दे' म्हणावं म्हणून तोंडाकडं बघत उभं राहायचं न्हाई."

"आणि चुकतं कुठं?" सुहासशेठनं खरंच विचारलं.

"'कारण'पाशी. 'मी तोडून बोललो, कारण तो तसाच आहे.' तिसऱ्या मिनिटाला आपली चौकशी सुटती आणि त्याची चालू होती. 'कारण' आलं की पुन्हा पहिल्या मण्यापासनं. तुकोबा 'आपुलाचि वाद आपणासी' म्हणाले. शेजाऱ्याशी न्हवं."

सरांना आता राहवेना. दासबोध, दुसरं दशक, पहिला समास, मूर्खलक्षणं. 'आपली आपण करी स्तुती' तो मूर्ख, असं त्यांनी फ्लेक्सकडं हात करून ठणकावलं. त्याच दशकातला दहावा समास पढतमूर्खाचा आहे, हे नित्यानं मोबाइलवर शोधून मोठ्यानं वाचलं. पुढची पाच मिनिटं इथं देण्यासारखी नाहीत.

शोभाकाकी इतका वेळ गप्प होत्या. कप विसळता विसळता म्हणाल्या, "मला एक सांगा. हे वाकायचं शिकवतात ते कुणाला? सुनेला, शिपायाला, मोलकरणीला. साहेबाला नम्रता शिकवताना मी तरी कुणाला बघितलं न्हाई."

"चोखोबांची नम्रता बघा काकी!" सर उसळले. "देवळात जाऊ दिलं नाही, तरी भक्ती तसूभर कमी झाली नाही. आजही समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ!"

"चोखोबांची बघितली की. दार अडवणाऱ्यांची कुठंय?"

यावर सरांकडं श्लोक नव्हता. बापूच बोलले, "काकी बरोबर आहे. चोखोबा वाकलेच होते. वाकायचं होतं आतल्यांनी. त्यांना वाकवायला १९४७ साल उजाडलं आणि साने गुरुजींना पंढरपुरात उपाशी बसावं लागलं. चूक आपली असली की वाकायचं. समोरचा मोठा आहे म्हणून वाकलं तर ती भीती. तुकोबा मेणाहून मऊ म्हणाले, त्याच अभंगात नाठाळाच्या माथ्यावर काठीपण आहे."

"मग ते फ्लेक्सचे ३,००० आले का?" काकींनी सुहासशेठला अचानक गाठलं.

"बाकी आहेत. मोठी माणसं, कसं मागायचं? आपण नम्रपणे गप्प बसलोय."

"ती नम्रता न्हवं रे बाबा, ती उधारी."

हशा ओसरल्यावर गाडी वारीवर आली. सर म्हणत होते की नम्रता ही अंतःकरणाची वृत्ती, ती आतून यावी लागते. बापूंचं म्हणणं, आतून यायची वाट बघत बसलं तर चातुर्मास संपतो, म्हणून वारकऱ्यांनी ती अंगाला लावून दिली. वारीत वय, गाव, जात न विचारता दोघं एकमेकांच्या पाया पडतात, दोघंही माउली. 'क्रोध अभिमान केला पावटणी, एक एका लागतील पायीं रे.' पावटणी म्हणजे पाय द्यायची पायरी. अभिमान कुठं ठेवायचा त्याची जागाच दाखवून दिलीय.

परवा विमानतळावरच्या पालखीतळावर समाजआरती, म्हणजे सगळ्या दिंड्या जमून होते ती आरती, बघितलेल्यांना पुढचं माहीत आहे. चोपदारानं चोप, म्हणजे हातातला दंड, उंच केला की एवढा सागर एका दमात गप्प. हरवलं-सापडलं सांगतात. आणि ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. बाकी सगळं शांत आणि तेवढेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मग आरती. आमच्या मते घराघरांत हे पाहिजे. ज्याला बोलायचंय त्यानं भांडं वाजवत राहावं, आणि ऐकून घेतल्याशिवाय कुणी टीव्ही लावू नये.

सप्ताहातल्या वीण्याचंही तेच. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, आळीपाळीनं पहारे. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या पायावर येणारा-जाणारा डोकं ठेवतो, मग तो १७ वर्षांचा पोरगा का असेना. पहारा बदलला की वीणा दुसऱ्याच्या गळ्यात आणि नमस्कारही तिकडं. "वीणा उतरली की नमस्कार उतरला," बापू म्हणाले. "खुर्चीचं तसंच असतं, पण खुर्चीवाल्याला सांगणार कोण?"

सर खुर्चीत जरा हलले.

वीण्याचं नाव निघाल्यावर चार वर्षांपूर्वीचं ते निघणारच होतं. सरांना पहारा लागला पहाटे ३ ते ५. त्यांना पाहिजे होता संध्याकाळी ७ ते ९, ऐन कीर्तनातला, मंडप भरलेला असतो तो. पहाटे सर आलेच नाहीत. सुहासशेठ आपला १ ते ३ चा पहारा संपवून उतरवायला माणूस नाही म्हणून पाचपर्यंत तसाच उभा राहिला, काकडा सुरू झाल्यावर सुटला. तेव्हापासून सर त्याला 'मुद्रक' म्हणतात आणि तो सरांचं कुठलंच पत्रक वेळेत देत नाही.

"घ्या सर," नित्या पेटला, "दुपारच्या जेवणाआधी म्हणाले होते, चार वर्षं झाली. एक काढा."

आश्चर्य म्हणजे सर उठले. खुर्ची बाजूला सरकवली, सुहासशेठसमोर उभे राहिले. कट्टा चोप वर गेल्यासारखा गप्प.

"सुहास. त्या पहाटे मी पहाऱ्याला आलो नाही. तुला चार तास उभं राहावं लागलं. चुकलं माझं." सर थांबले. आम्ही श्वास धरून. बापूंनी तर डोळेच मिटलेले.

"पण…"

"पण!" सगळा कट्टा एका आवाजात ओरडला. पिंपळावरची वटवाघळं उडाली.

"अहो, बीपी खरंच वाढलं होतं हो!"

सुहासशेठ हसून हसून ठसक्यानं लाल. त्याला पाणी द्यायला सरच धावले, आणि तेवढ्यात नित्या त्यांच्या खुर्चीत जाऊन बसला.

"नऊ चहा, दोन क्रीमरोल," शोभाकाकींनी फडकं आपटलं. "कुणाचं वेबिल जुळत न्हाई ते बघा आणि उठा."