फाल्गुनी

वास्तुशांतीला लोक भिंतीवरचं घड्याळ देतात, नाहीतर गणपती. आमच्या एका स्नेह्यांनी ऑर्किड दिलं. कुंडी पारदर्शक प्लॅस्टिकची, आत मातीचा कण नाही, नुसते झाडाच्या सालीचे तुकडे आणि कोळसा. वर लांब दांडी, तिच्यावर ओळीनं बसलेली नऊ जांभळी फुलं. चिठ्ठीवर नाव होतं 'फॅलेनॉप्सिस'. आईनं ते दोनदा वाचून पाहिलं आणि 'फाल्गुनी' म्हणून विषय संपवला.

पहिले दोन महिने फाल्गुनीनं आमची इभ्रत वाढवली. येईल तो पाहुणा पाकळी चिमटीत धरून "खरी आहेत?" विचारायचा. मीही वाचून तयार होतो. ऑर्किडच्या २५ हजारांहून जास्त जाती आहेत, आइस्क्रीममधला व्हॅनिला म्हणजेही ऑर्किडचीच शेंग, वगैरे मी चहाबरोबर वाढायचो. मग फुलं एकेक करून गळाली. उरली काठी.

शेजारच्या काकू म्हणाल्या, रोज पाणी घाल. घातलं. पानं सुरकुतली. सुरकुतली म्हणजे तहानली असणार, म्हणून आणखी घातलं. शेवटी कुंडी नर्सरीत नेली. नर्सरीवाल्यानं ती उजेडात धरली. "साहेब, मुळं सडलीत. पाणी ओढणार कशानं? मुळं चंदेरी दिसली की पाणी द्यायचं, हिरवी असली की हात लावायचा नाही."

तेव्हापासून रोज सकाळी मी चष्मा लावून, टॉर्च मारून मुळं बघतो. पाणी पडलं की मुळावरचा चंदेरी स्पंज बघता बघता हिरवा होतो. मला त्याचं कोण कौतुक! बायको म्हणाली, "माझ्या चेहऱ्याचा रंग इतक्या बारकाईनं कधी बघितला नाहीस."

आईला मात्र हे सगळं थेरच वाटतं. "आमच्या गावी फणसावर सीतेची वेणी लोंबायची. पावसाच्या तोंडावर हातभर गुलाबी-पांढरा घोस. कोण गेलं होतं टॉर्च घेऊन? बांडगूळच ते!"

"बांडगूळ नव्हे गं, सीतेची वेणी म्हणजेही ऑर्किडच. ती झाडावर नुसती बसते, अन्न स्वतःचं स्वतः करते. आसामात बिहूला बायका तीच केसांत माळतात."

"म्हणजे भाडेकरू. भाडं न देणारी."

परवा पानांच्या बेचक्यातून हिरवा कोंब डोकावला. घरात आनंदीआनंद! मी चार जणांना फोटो पाठवले. फुलाचा दांडा की मूळ, यावर दोन दिवस वाद झाला. टोक चपटं, बोटं मिटलेल्या हातमोज्यासारखं असेल तर दांडा; गुळगुळीत गोल असेल तर मूळ, असं नर्सरीवाल्यानं फोनवर सांगितलं. आमचं टोक गोल निघालं.

आठवडाभरात ते मूळ कुंडीचा काठ ओलांडून थेट खिडकीकडे निघालं. आईनं जवळ जाऊन बघितलं.

"फणस शोधतेय," म्हणाली.