नोटिशीला फाशी

एका विमा कार्यालयाला पाठवायचा तक्रार अर्ज टाइप करून घेण्यासाठी काल मी साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो, आणि तिथे चार लोकांसमक्ष माझी जी शोभा झाली, तिच्यापायी रात्री मला धड झोप लागली नाही.

कार्यालय बंद असल्याची नोटीस दाराला टांगलेली होती, एवढेच मला सांगायचे होते. मी मजकूर सांगितला, ‘अ नोटीस वॉज हँग्ड ऑन द डोअर’, आणि मुलाने तो निमूटपणे टाइप केला. आक्षेप आला तो मागच्या बाकावरून, मांडीवर सातबाऱ्याचा उतारा घेऊन बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांकडून.

“नोटिशीला फाशी दिली म्हणता?” त्यांनी कळवळून विचारले. “अपील वगैरे केलं होतं का तिनं?”

रांगेतली दोन माणसे हसली. त्यांना विनोद कळला होता असे मला आजही वाटत नाही.

“साहेब, फासावर चढवलेला माणूस हँग्ड, भिंतीवरचं चित्र हंग,” गृहस्थ उठून उभे राहिले. “जुन्या इंग्रजीतली वेगवेगळी क्रियापदं एकमेकांत मिसळली. बाकी सगळीकडे हंग आलं, कोर्टाच्या भाषेत मात्र हँग्ड टिकलं.”

कोर्टात गेलेली वस्तू लवकर सुटत नाही, हे आमच्या बांधाच्या दाव्यामुळे मला ठाऊक होतेच. परंतु क्रियापदेही तिथे अडकून पडतात, हे नवे होते. एवढ्यावर ते थांबते तर मी आभार मानले असते. पण त्यांनी मला ‘काल मी पलंगावर आडवा झालो’ हे वाक्य इंग्रजीत करायला लावले. मी ‘लेड’ म्हणालो. ते ‘ले’ निघाले. मग कळले की, आडवे होण्याचा भूतकाळ ‘ले’, तोच शब्द ठेवण्याचा वर्तमानकाळ, ठेवण्याचा भूतकाळ ‘लेड’, आणि खोटे बोललो असेन तर ‘लाइड’. म्हणजे काल मी नेमके काय केले, हे मलाच सांगता येईना.

शाळेत ‘गो, वेंट, गॉन’ आम्ही पाढ्यांच्या चालीवर म्हणत असू. ‘पुट, पुट, पुट’ म्हणताना वर्ग पुटपुटल्यासारखा वाटे आणि ‘कट, कट, कट’ ही तर उघड कटकटच होती. ‘रीड’चा भूतकाळ लिहायचा तसाच आणि वाचायचा ‘रेड’, हे समजावताना आमचे मास्तरही खिडकीबाहेर अजिंक्यताऱ्याकडे पाहत.

मला खरा राग आहे तो वेगळाच. अर्ज लिहिणारा मराठी, वाचणारा कारकून मराठी, तक्रार बंद दाराची. तरी अर्ज इंग्रजीतच हवा, असे त्याच कारकुनाने मला स्वच्छ मराठीत बजावले होते. माझे रखडलेले पैसे राहिले बाजूला आणि मी भरदुपारी उभ्याने भूतकाळाची परीक्षा देत होतो.

अखेरीस ‘हंग’ झाले. एवढ्यात चहावाला आला आणि मी जनरीत म्हणून त्या गृहस्थांना चहा विचारला.

“नको, नको,” ते म्हणाले, “मी आत्ताच पिलो.”

‘प्यालो!’ हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता, पण तेवढ्यात मुलाने टायपिंगचे पैसे मागितले आणि मी सुटे शोधू लागलो.