झाडाला पैसे द्या, पण हिशेबातून टन वजा करू नका

ताई, तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. मी कार्बन ऑफसेटवर, म्हणजे आपल्या धुराची दुसरीकडे पैसे देऊन भरपाई करण्यावर, सरसकट फुली मारली, असं तुम्ही म्हणता. तुमचा मुलगा न्यूजर्सीहून घरी येतो तेव्हा तिकिटासोबत थोडे डॉलर जास्त भरून प्रवासाच्या धुराची भरपाई करतो, आणि माझ्यासारख्यांचं लिखाण वाचून अशी मुलं मागे हटतील, अशी तुमची तक्रार आहे. काहीच न करण्यापेक्षा काहीतरी केलेलं बरं, असंही तुम्ही लिहिलंय.

मुलाच्या हेतूबद्दल मला आदरच आहे. माझा आक्षेप त्या पैशांच्या बदल्यात मिळणाऱ्या क्रेडिटला आहे. एक क्रेडिट म्हणजे कुठेतरी एक टन कार्बन डायऑक्साइड वाचला, तेव्हा घेणाऱ्याने तेवढा सोडायला हरकत नाही. विमानाने सोडलेला टन खराखुरा असतो आणि त्याचा बराच भाग शेकडो वर्षं हवेत राहतो. वाचलेला टन मात्र ‘हे पैसे आले नसते तर काय झालं असतं’ या अंदाजावर उभा असतो. तो अंदाज मांडतो विकणारा, आणि बहुतेक वेळा तपासनीसाची फीही तोच भरतो.

उदाहरण आपल्या बडोद्याजवळचंच आहे. हालोलच्या पुढे घोघंबा तालुक्यात रणजितनगर लागतं. तिथल्या कारखान्यात फ्रिज-एसीत लागणारा एचसीएफसी-22 हा वायू बनायचा आणि तो बनताना एचएफसी-23 हा टाकाऊ वायू आपसूक तयार व्हायचा. क्योटो या जागतिक हवामान कराराच्या हिशेबात याचा एक टन हवा तापवण्यात 11,700 टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा! तो जाळून टाकण्याचा प्रकल्प मार्च 2005 मध्ये नोंदला गेला, भारतातला पहिला सीडीएम प्रकल्प म्हणून (सीडीएम म्हणजे विकसनशील देशांतल्या प्रकल्पांना क्रेडिट देणारी क्योटो करारातली योजना). वायू जळला हे उत्तमच झालं. पण असा वायू जाळायला क्रेडिटमागे एक युरोही लागत नव्हता आणि क्रेडिटला भाव मिळत होता त्याच्या कितीतरी पट. चीन-भारतातल्या अशा कारखान्यांत टाकाऊ वायू मुख्य मालापेक्षा जास्त कमाई देऊ लागला. मग तो कमी निघावा म्हणून कोण कशाला धडपडेल? अखेर युरोपच्या कार्बन बाजाराने मे 2013 पासून ही क्रेडिट्स घेणं बंद केलं. ऑक्टोबर 2016 मध्ये भारत सरकारने कारखान्यांना सांगितलं की हा वायू स्वखर्चाने जाळा. काम तेच, फक्त आता त्याच्या जोरावर युरोपातल्या कुणाला जास्त धूर सोडायची मुभा मिळत नाही.

तुम्ही पवनचक्क्यांचा दाखला दिलात. भारतातल्या पवनचक्की प्रकल्पांवर 2021 मध्ये एक अभ्यास आला. त्यांना मिळालेल्या क्रेडिट्सपैकी किमान 52 टक्के अशा प्रकल्पांना गेली होती जे क्रेडिटशिवायही बहुधा उभे राहिलेच असते.

झाडं लावून होणाऱ्या भरपाईची मला जास्त काळजी वाटते. पावसाळ्यात रस्त्याकडेला रोपं लागतात, भोवती लोखंडी पिंजरा, पिंजऱ्यावर देणगीदाराची पाटी. मे महिन्यात जाऊन बघा, कित्येक ठिकाणी पाटी शाबूत असते आणि आत वाळकी काडी. अमेरिकेहून येऊन-जाऊन माणशी दोनेक टन होतात. भरात आलेलं झाड वर्षाला वीसेक किलो शोषतं. म्हणजे एका खेपेसाठी शंभर मोठी झाडं वर्षभर राबायला हवीत. रोपांना त्या वयाला पोचेपर्यंत पाणी कोण घालणार, हे त्या तिकिटावर लिहिलेलं नसतं.

एका बाबतीत मात्र तुमचं म्हणणं मला पटतं. कचऱ्याच्या ढिगातला मिथेन पकडणं, शेणापासून गोबरगॅस, अशी कामं बाहेरच्या पैशांवाचून खरोखर अडतात. मिथेन वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट तापवतो, त्यामुळे तिथला रुपया लवकर कामी येतो. मुलाला सांगा, अशा कामाला जरूर दे, दुप्पट दे. मात्र ती देणगी समज, प्रवासाचे दोन टन आपल्या नावावर तसेच राहू दे. ते कमी करायचे तर दोन धावत्या खेपांऐवजी एकदाच येऊन महिनाभर घरी राहता येतं का, ते बघावं. तुम्हालाही ते आवडेल.

हे सगळं आत्ता लिहिण्याला कारण आहे. भारताची स्वतःची कार्बन क्रेडिट योजना 2023 मध्ये अधिसूचित झाली आणि तीत ऑफसेटलाही जागा आहे. नंदेसरी-मकरपुऱ्यातले उद्योग उद्या ‘आम्ही भरपाई केली’ म्हणतील, तेव्हा तपासनीसाला पैसे कोण देतो, हे आपण बडोदेकरांनी सगळ्यात आधी विचारावं असं मला वाटतं.