नवीन काय दिले, हा प्रश्न अपुरा आहे

कृषी शास्त्रज्ञांचा विषय निघाला की आपल्या सोलापुरात एक प्रश्न हमखास विचारला जातो : यांनी नवीन काय दिले? मला तो प्रश्नच अपुरा वाटतो, कारण या मंडळींचा बराचसा काळ नव्याला जुन्याशेजारी पेरून ते खरोखर सरस आहे का हे पाहण्यात, आणि नसेल तर ते निमूटपणे बाजूला टाकण्यात जातो.

रब्बी ज्वारीचेच उदाहरण घेऊ. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी ३५-१ आजही नव्या वाणांच्या चाचण्यांत तुलनेसाठी शेजारी पेरली जाते. तिला मागे टाकणे सोपे नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेले हे पीक बहुतांशी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते, त्यामुळे माती किती खोल आहे यावर पुढचे सगळे ठरते. म्हणूनच हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारीसाठी फुले वसुधा अशा वेगवेगळ्या शिफारशी आहेत. संकर करण्यापासून अशा शिफारशीपर्यंत आठ-दहा वर्षे सहज जातात. त्या काळात खोडमाशी किती लागते, खडखड्या रोगाने ताटे किती लोळतात, दाण्याबरोबर कडबा किती निघतो हे सारे मोजावे लागते. (कडबा हे दुय्यम उत्पन्न आहे असे मानणाऱ्यांनी दुष्काळी वर्षी त्याचा भाव विचारून यावे.) एवढ्यातून तरलेल्या वाणाचे पीठ मळून भाकरीही करून पाहतात : पीठ पाणी किती धरते, थापताना कडा फुटतात का, चव कशी लागते.

अन्नशास्त्रज्ञांचे काम याच्या पुढचे, आणि आपल्याला आणखी कमी दिसणारे. कडक भाकरी टिकते ती तिच्यातले पाणी जवळजवळ संपवल्यामुळे. मात्र पाकिटात हवेतली ओल शिरली की तिचा कडकपणा जातो, म्हणून वेष्टन कोणते वापरावे हाही संशोधनाचाच विषय ठरतो. ज्वारीचे पीठ ठेवून ठेवून कडवट होते, ते त्यातल्या स्निग्धांशामुळे. शेंगा चटणीच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. भुईमुगाच्या शेंगा नीट वाळल्या नाहीत तर दाण्यांवर येणाऱ्या विशिष्ट बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते, आणि ते नेहमीच्या भाजण्याने पूर्ण नष्ट होत नाही. तिखट-लसणाच्या चवीखाली ते जिभेला कळत नाही; ते प्रयोगशाळेतच कळते, आणि त्यावरचा खरा इलाज खळ्यावर चांगले वाळवणे व खराब दाणे निवडून काढणे हाच असतो.

डाळिंबाचेही तसेच. केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तरी डाळिंबावरचा तेल्या रोग का गेला नाही, असा राग बागायतदार व्यक्त करतात. राग समजण्यासारखा आहे. परंतु तेल्या हा जिवाणूजन्य रोग पावसाच्या थेंबांबरोबर आणि छाटणीच्या कात्रीवरून पसरतो, दमट हवेत फोफावतो, आणि बागेत शिरल्यावर त्याला मुळासकट काढणारे औषध नाही. अशा वेळी निरोगी रोपे लावा, कात्री निर्जंतुक करा, झाडांना विश्रांती द्या, पावसाळ्यातल्या मृग बहाराऐवजी पावसाळा सरताना येणारा हस्त बहार धरा, असे सांगणे हेच प्रामाणिक शास्त्र असते. दुकानात मिळणाऱ्या बाटलीइतके ते आकर्षक वाटत नाही, एवढेच.

माझी तक्रार वेगळी आहे. कोणते वाण कुठे नापास झाले आणि का, ही माहिती अहवालांतच राहते, आणि शेतकऱ्यापर्यंत फक्त पास झालेल्यांची नावे पोहोचतात. शेतकऱ्यांना प्रयोगाची शेते दाखवणाऱ्या शिवारफेरीत नापास झालेल्या वाणांच्या ओळीही कारणासह दाखवाव्यात. आणि भाकरीच्या चाचणीला मोहोळ-मंगळवेढ्याच्या, रोज भाकरी थापणाऱ्या बायकांना बोलवावे, त्यांचे गुण वेगळे नोंदवावेत आणि त्यांच्या वेळेचे मानधनही द्यावे.